गव्हाच्या दाण्याएवढं

लाईट गेला तर जाऊ दे रे अंकुर, टॉर्च नको लावू. मोबाईल उपडा ठेव. तृप्ती, तू दाराजवळ नको बसू, इकडे ये. तिथं वाऱ्यानं कडी वाजते आणि मग तूच आधी ओरडतेस. आणि हो, मी मास्तर माणूस, बोलता बोलता पुस्तकी होतो. त्याला कोणी हसायचं नाही.

कुलदीपचं सांगतो. तुम्ही त्याला पाहिलं आहे, दिवाळीला संत्री घेऊन येतो तो. माझा विद्यार्थी. आयटीआयमध्ये मी सुतारकाम शिकवायचो तेव्हाचा.

चोवीस सालचा डिसेंबर. पंचवीस तारीख, बुधवार. दुपारी चारच्या सुमारास कुलदीप इथंच, या ओसरीवर आला. पांढुर्ण्याहून मोटरसायकलनं. पिशवीत रंधा मशीनची तीन पाती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. इथं सौंसरला धार लावून घेतली होती, आणि जाता जाता माझी लोखंडी सरळपट्टी मागायला थांबला होता. एवढंच काम.

"उद्या मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार," म्हणाला. "घट मांडाले सुचितासाठी नवा चौरंग बनवून राहिलो सर."

"काऊन? जुना मोडला का?"

"नाई मोडला." चहाच्या कपात पाहत म्हणाला, "थोच तं त्रास आहे."

मला कळलं. सुचिता त्याची बायको, आणि जुना चौरंग ऋषीनं बनवलेला होता.

आता ऋषी कोण ते ऐका, नाहीतर पुढं माझं डोकं खाल. ऋषिकेश आणि कुलदीप एकाच बॅचचे. दोघं एका ताटात जेवायचे. ऋषीच्या हातात जादू होती म्हणा ना. त्यानं दोन फळ्या जोडल्या की सांधा नखाला लागायचा नाही. कुलदीपचा सांधा नखाला लागायचा. फार नाही, जरासा. आणि मी काय करायचो? सगळ्या वर्गासमोर म्हणायचो, "कुलदीप, ऋषीचं पाहा आणि शिक." दोन वर्षं म्हटलं. चांगल्यासाठीच म्हटलं. पण ती आग मीच लावली, हे आज कबूल करतो.

पुढं ऋषीच्या लग्नाचं निघालं. मुलगी पाहायला कुलदीप सोबत गेला. सुचितानं चहाचा पहिला कप कुणाला दिला? कुलदीपला! तिला वाटलं हाच नवरदेव. सगळे पोट धरून हसले. ऋषीही हसला. कुलदीपही हसला, पण तो कप त्याच्या डोक्यातून कधी उतरला नाही.

ऋषीनं तिगाव रोडला घराला लागून दुकान टाकलं, रंधा मशीन घेतलं. बावीसच्या ऑक्टोबरात त्याला डेंग्यू झाला. नागपूरला नेला, पाचव्या दिवशी गेला. बत्तीस वर्षांचा पोरगा. दीड वर्षानं त्याच्या आईनंच, वच्छलाबाईनं, सुनेचं दुसरं लग्न लावलं. नातेवाइकांनी नाकं मुरडली तर म्हणाली, "माही सून होती, आता माही पोरगी हाय. पोरीले का जन्मभर कोपऱ्यात बसवून ठेवू?" आणि पोरगा पाहिला तो कुलदीप. त्याच घरात राहायला आला, तेच दुकान चालवायला लागला. लोक म्हणाले, नशीब काढलं.

नशीब कसलं! कुलदीप जळत होता. मेलेल्या मित्रावर जळत होता. जिवंत माणसावर जळलं तर निदान भांडता येतं. गिऱ्हाईक यायचं ते "ऋषीभाऊच्या मशीनवर काढून द्या" म्हणत यायचं. आणि सुचिता? पूर्वी ती त्याला भाऊजी म्हणायची. लग्न झाल्यावर भाऊजी कसं म्हणणार? आपल्याकडे बायको नवऱ्याला अजी म्हणते. ते तिच्या तोंडून निघेना. मग ती त्याला काहीच म्हणायची नाही. "चहा ठेवला हाय," असं भिंतीकडे पाहून सांगायची. सात महिने त्या माणसाला त्याच्या घरात हाक नव्हती. काय वाटत असेल सांगा?

आता मशीनचं थोडं समजून घ्या. रंधा मशीनला दोन टेबलं असतात, पुढचं आणि मागचं. मधे ड्रम, ड्रमला तीन पाती. फळी पुढच्या टेबलावरून ढकलायची, पाती तिला तासतात आणि ती मागच्या टेबलावर जाते. सगळी गोम मागच्या टेबलात. ते पात्याच्या अगदी बरोबरीत हवं. केसभर खाली राहिलं, की फळीचं शेवटचं टोक पुढच्या टेबलावरून सुटताना खाली पडतं. टक्. आणि शेवटच्या दोन बोटांत खड्डा बसतो.

ते पाहायची माझी एक रीत होती. दोघांना मीच शिकवली. सागाची सरळ पट्टी मागच्या टेबलावर ठेवायची, टोक ड्रमच्या वर येईल अशी. टेबलाची कड जिथं येते तिथं पट्टीवर पेन्सिलची रेघ मारायची. मग ड्रम हातानं फिरवायचा. पातं वर येताना पट्टीला खालून उचलतं आणि आपल्याकडे ओढून आणतं. किती? गव्हाचा दाणा आडवा ठेवा, तेवढं. जास्त ओढलं तर टेबल खाली आहे. हललीच नाही तर टेबल वर आहे. आणि पातं लावायच्या आधी फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा. हा नियम जो विसरायचा त्याला मी वर्गाबाहेर काढायचो.

ऋषीनं मागचं टेबल एकदा लावलं आणि त्याच्या बाजूला पांढऱ्या रंगाची रेघ ओढली. नंतर कधी हलवलं नाही. नवी पाती आली की पाती टेबलाला जुळवायचा. कुलदीपनं लग्नाच्या आठव्या दिवशी ती रेघ खरवडून काढली आणि टेबल हलवलं. का? कोणाची रेघ नको म्हणून. मग ते काही केल्या बसेना. सात महिने प्रत्येक फळीच्या शेवटी टक्. प्रत्येक फळीची दोन बोटं कापून टाकायची. ते तुकडे पोत्यात भरून सुचिता पाणी तापवायला जाळायची. तिचा स्वयंपाक भिंतीपलीकडे. मशीन सुरू झालं की तिचा लाटणं फिरवणारा हात शेवटाची वाट पाहत थांबायचा. टक् झालं की पुन्हा चालायचा. ती एका शब्दानं बोलली नाही. कुलदीप खिडकीतून तो थांबलेला हात पाहायचा.

म्हणून त्याला चौरंग हवा होता. तीन गुरुवार घट ऋषीच्या चौरंगावर बसला. चौथा आपल्या चौरंगावर बसावा. त्यानं तसं सांगितलं तेव्हा सुचिता म्हणाली, "त्याले काय झालं? चांगला तं हाय." मग त्याचं तोंड पाहून म्हणाली, "बरं. बनवा."

मी त्याला त्या दिवशी सांगितलं, "ऋषीची सागाची पट्टी दुकानात खिळ्याले लटकून असंन. तीच लाव."

"त्याच्या पट्टीनं मी कायले पाहू?"

"अरे, पट्टीवर का कोणाचं नाव लिवलं असते?"

"हाय सर," म्हणाला. "तुमाले दिसत नाई."

सरळपट्टी घेऊन सहाला निघून गेला. इथून पुढचं त्यानं मला सांगितलेलं. तो खोटं बोलणारा पोरगा नाही. एकदाच बोलला, तेही येईल.

रात्री जेवण झालं. वच्छलाबाई झोपली. साडेदहाला कुलदीप दुकानात गेला. थंडी होती. चंद्र उगवायला अजून तीन तास. त्यानं फ्यूज काढला, पँटच्या खिशात ठेवला. दुकानात अंधार, खिळ्याला टांगलेली एक बॅटरी तेवढी. धार लावलेली पाती बसवली. चौरंगाच्या चार फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या, न तासलेल्या. मग माझी लोखंडी पट्टी लावून टेबल वर घेतलं, खाली घेतलं. वर, खाली. तासभर. कधी पट्टी हलायची नाही, कधी बोटभर सरकायची.

साडेअकराला त्यानं हार मानली. ऋषीची पट्टी खिळ्यावरून काढली. ठेवली. रेघ मारली. ड्रम हातानं फिरवला. पट्टी बोटभर सरकून त्याच्याकडे आली.

त्यानं पाना जमिनीवर आपटला. त्याच्याच शब्दांत सांगतो, "सर, मी मोठ्यानं म्हणलं, मेला तरी मशीन सोडत नाई लेकाचा. घे, तूच चालव." आणि बॅटरी तशीच ठेवून अंगणात गेला. रस्त्याच्या बाजूला, संत्र्याच्या रिकाम्या क्रेटवर जाऊन बसला. डोकं धरून.

मेलेल्या माणसाला कामाला बोलावू नये. हे मी वर्गात शिकवलं नव्हतं.

पाच मिनिटं झाली असतील. मालगाडी गेली. तिचा आवाज तिगावकडे विरत गेला. सगळं शांत. कुत्रंसुद्धा नाही.

आणि दुकानातून… घुंऽऽऽ.

मशीन सुरू झालं होतं.

कुलदीपला आधी वाटलं, मालगाडीच कानात राहिली. पण नाही. घुमणं चढलं. मग फळी लागल्याचा आवाज. सर्रर्र… लांब. एकसारखा. शेवटाला आला.

टक् नाही.

दुसरी फळी. सर्रर्र…

टक् नाही.

त्यानं क्रेटची कड दोन्ही हातांनी धरली. तिसरी. चौथी. एकाही फळीला टक् नाही. आणि मग घुमणं हळूहळू उतरायला लागलं. ड्रम थांबताना येतो ना, तसा आवाज. खाली… खाली…

त्या उतरत्या आवाजातच आतून, स्वयंपाकघराकडून, सुचिताची हाक आली. शब्द कळले नाहीत. नुसती हाक.

मग काहीच नाही.

तो धावला. दुकानात शिरला. बॅटरी होती तशीच. मशीनपाशी कोणी नव्हतं. ड्रम अजून फिरत होता. अगदी सावकाश. त्याच्या डोळ्यांसमोर थांबला.

चार फळ्या भिंतीला टेकलेल्या. तासलेल्या. त्यानं एकीच्या कडेवर हात ठेवला. गरम होती.

खिशात हात घातला.

फ्यूज खिशातच होता.

आतलं दार उघडलं. सुचिता. हातात मोबाईलचा उजेड, केस सुटलेले, डोळ्यांत पाणी. आणि हसत होती. सात महिन्यांत त्यानं ते हसू पाहिलं नव्हतं. सरळ फळ्यांपाशी आली, कडेवरून तळवा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हणाली,

"अजी… आज टक् नाई झालं."

अजी.

ती पुढं म्हणाली, "मी आतूनच आवाज देला तुमाले. अजी, झालं का म्हणून. तुमी ओ देली, मंग उठली मी."

"मी…?"

"हो. लगेच देली ना."

तृप्ती, घाबरू नको. इथंच आहे मी.

आता सांगा, त्या माणसानं काय म्हणावं? मी अंगणात होतो, ओ मी दिली नाही, असं म्हणावं? मग ते अजी कुणाचं होतं? ते हसू कुणासाठी होतं? तो मला म्हणाला, "सर, मले सगळं समजून राहिलं होतं. पण तिनं माह्या बाहीले हात लावला होता. मले सोडवलं नाई."

तो म्हणाला, "हो. जमलं."

एकदाच खोटं बोलला म्हणालो ना, ते हे.

रात्रीतूनच फळ्या सरसानं जोडून शिकंज्यात आवळल्या. दुपारी पाय लावले. संध्याकाळी घट बसला, शेजारच्या बाया हळदीकुंकवाला आल्या, नारळ, विडे, सगळं झालं. वच्छलाबाई चौरंगाच्या सांध्यावर हात फिरवत कौतुकानं म्हणाली, "अगदी ऋषीच्या हातचा वाटते." बिचारी चांगल्या मनानं बोलली. कुलदीपनं हातातला प्रसाद तसाच ताटलीत परत ठेवला.

शुक्रवारी सकाळी त्यानं पाना उचलला. टेबल पुन्हा बिघडवायचं होतं त्याला. आपलं टक् परत आणायचं होतं. वाकडं असलं तरी आपलं. नटाला पाना लावला. तेवढ्यात आतून आवाज आला, "अजी, नाश्ता झाला." पाना तसाच धरून तासभर उभा होता. टेबल हलवलं तर टक् परत येणार. टक् आलं तर अजी जाणार. ठेवलं तर… दुसऱ्याचं राहणार. त्यानं पाना खाली ठेवला.

शनिवारी माझ्याकडे येऊन रडला. लहान पोरासारखा. म्हणाला, "तुमी वर्गात म्हणत होते ना, ऋषीचं पाहा. अजून तेच पाहून राहिलो सर." मला मान वर करता आली नाही.

रविवारी, एकोणतीस तारखेला, मी स्वतः गेलो. सकाळच्या एसटी… एसटी कुठली आपल्याकडे, हद्दीच्या या बाजूला, खासगी बसनं गेलो. मी अशा गोष्टी मानणारा नाही. वाटलं, वायरिंगमध्ये दोष असेल, पोरगा दमला असेल, सुचितानं स्वप्न पाहिलं असेल. भर दिवसा साडेदहा वाजले होते. मी फ्यूज काढला, माझ्या शर्टाच्या खिशात ठेवला. मोटरचा पट्टाही उतरवला. आता तो ड्रम फिरवायला हातच लागणार. ऋषीची पट्टी मागच्या टेबलावर ठेवली. कडेशी रेघ मारली, माझ्या पेन्सिलनं. ड्रमला हात लावणार, तेवढ्यात आतून सुचिताची हाक आली. छान मोकळी हाक.

"अजी! चहा घ्या सरांसाठी!"

मी कुलदीपकडे पाहिलं. तो ओ देईना.

ओठ मिटलेले. डोळे ड्रमवर. मान किंचित वाकडी. कान दिलेला. मग कळलं मला. हा माणूस रोज असाच थांबतो. तिनं हाक मारली की आधी थांबतो. आपल्या आधी दुसरं कोणी ओ देतं का, ते ऐकायला.

मीही ऐकलं. काही नाही. चहाचा वास. एक माशी.

मग कुलदीप कोरड्या आवाजात म्हणाला, "ओ…"

मी खाली पाहिलं.

माझा हात ड्रमला लागला नव्हता. कुलदीपचे दोन्ही हात पाठीमागे होते. पट्टा जमिनीवर पडला होता. फ्यूज माझ्या खिशात. आणि माझी रेघ टेबलाच्या कडेवर नव्हती. पट्टी आमच्याकडे सरकून आली होती.

मी कडेशी दुसरी रेघ मारली, पट्टी पिशवीत घातली, चहा प्यायलो, सुचिताला आशीर्वाद दिला. कुलदीपनं काय झालं ते विचारलं नाही. त्यानंही पाहिलं होतं. तेव्हापासून त्या मशीनवर टक् झालेलं नाही. सुचिता सुखात आहे. तो अजून थांबतो.

ती पट्टी तुझ्या मागच्या कोनाड्यात आहे, अंकुर. आण. भिऊ नको, लाकूड आहे. आता मोबाईल लाव हवं तर. ही पहिली रेघ, हाकेच्या आधीची. ही दुसरी, नंतरची. दोन्ही माझ्या हातच्या.

तृप्ती, आतल्या डब्यातून गव्हाचा एक दाणा आण बरं.

ठेव मधे. आडवा.

बसला?